वैद्यबुवांचे सुजलेले डोळे

सलून चालवायचे, पण गल्ली त्यांना वैद्यबुवा म्हणायची. गालाला साबण लागला की गिऱ्हाइकाचं तोंड बंद आणि बुवांचं सुरू. कुणाचं पित्त, कुणाचा गॅस, वस्तरा फिरता फिरता निदान तयार. फी नाही, पण सुटकाही नाही. गळ्याशी वस्तरा असताना वाद घालणार कोण?

स्वतःला मात्र शौचाला काळी होऊ लागली, जिना चढताना धाप लागू लागली, तरी बुवा म्हणाले, अंगात उष्णता आहे. थंड दूध पीत बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! शेवटी दुकानातच चक्कर येऊन आडवे झाले, तेव्हा बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. जठराच्या भिंतीतच गाठ वाढली होती, स्ट्रोमल ट्यूमर. आतल्या आत रक्त झिरपत होतं.

ऑपरेशन होऊन गाठ अख्खी निघाली. पण सर्जनबाईंनी बजावलं, गाठ मोठी होती, परत येऊ शकते. पेशींना वाढत राहा म्हणून सांगणारा जो बिघाड असतो, त्याचं तोंड दाबून धरणारी गोळी तीन वर्षं रोज घ्यायची, जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर. त्रास झाला तर मला सांगा, मनाने बंद करू नका.

त्रास झाला तो नेमका डोळ्यांना. सकाळी पापण्या टम्म फुगायच्या. दुसऱ्या कुणी चालवून घेतलं असतं. बुवांच्या समोर आरसा, पाठीमागे आरसा, जिकडे बघावं तिकडे सुजलेले बुवा! त्यात गिऱ्हाइकं कुजबुजली, या वयात बाटली धरली वाटतं. जन्मभर दुसऱ्यांची अब्रू खुर्चीत बसवून भादरली, आता स्वतःच्या अब्रूवर आल्यावर बुवा कासावीस झाले. बायकोसमोर गोळी तोंडात टाकायची, जिभेखाली धरायची आणि मोरीत थुंकायची, असं सुरू झालं.

हळूहळू चेहरा उजळला. बुवांनी मिशी कोरली. तरुण दिसताय म्हणून गिऱ्हाइकं कौतुक करू लागली. एका सकाळी चहा देताना बायकोने ते नितळ डोळे पाहिले आणि गोळी बंद झाल्याचं तिने ओळखलं. सूज गोळीची, हे सर्जनबाईंनी गोळी देतानाच तिच्यादेखत सांगितलं होतं.

दुपारी ती डबा घेऊन भरल्या दुकानात शिरली. डबा उघडून बुवांसमोर ठेवला, शेजारी गोळी.

"आता इथेच जेवायचं, गोळी घ्यायची आणि तोंड उघडून दाखवायचं."

बुवा पुटपुटले, "अगं, लोक काय म्हणतील?"

"मला सुजलेला नवरा चालेल," ती म्हणाली, "भिंतीवरच्या हारातला देखणा नको." तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणासकट वळून बघू लागलं. बुवांनी निमूट जेवून गोळी गिळली.

सर्जनबाईंना कळल्यावर त्यांनी कान उपटले, लगेच स्कॅन केला. नशीब, पोट स्वच्छ निघालं.

हल्ली दुकान उघडलं की बुवा आधी आरशात बघतात आणि घरी फोन लावतात.

"सुजलेत गं," एवढंच सांगतात, आणि वस्तरा हातात घेतात.