एक्स-रेवरची बुरशी

कपाटावरून बाबांच्या छातीचा जुना एक्स-रे काढला, तर त्यावर बुरशीची पांढुरकी नक्षी उठलेली. फिल्मवर चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर असतो, म्हणजे प्रथिनच. बुरशी चावून खात नाही. प्रथिनं कापणारा रस आधी बाहेर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. बाबांच्या फुफ्फुसातही तिचं हेच चाललंय, असं डॉक्टरांनी हीच फिल्म उजेडाला धरून सांगितलं होतं. औषधं आम्ही घड्याळ लावून दिली. तिला कसलीच घाई नव्हती. माणूस काय, त्याचं चित्र काय, तिला सारखंच.

मी ओलं फडकं घेतलं, तशी आई म्हणाली, "पुसू नकोस रे. तेवढेच राहिलेत ते."

तरी मी हलक्या हाताने पुसलं. फडकं काळं झालं. बुरशीबरोबर बाबांच्या बरगड्याही निघून आल्या होत्या.