भिंतीवरची वाकळ

सीमेलगतच्या आमच्या गावात तंबाखूची जुनी वखार झाडूनपुसून लोकांनीच कलादालन केलं आहे. दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या घरातल्या वस्तू तिथे आणून दिल्या. परवा शेजारच्या गौराक्का आपली वाकळ बघायला आल्या. ती भिंतीवर टांगली आहे. वर दिवा, खाली ‘हात लावू नये’ अशी पाटी.

वाकळीत त्यांच्या माहेरचे, कर्नाटकातले खण आहेत आणि नवऱ्याच्या कोल्हापुरी फेट्याचे तुकडे. कुठलं राज्य कुठे संपतं ते टाके चाचपूनही सापडायचं नाही.

“ह्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा शिवलाय,” त्या म्हणाल्या. “पांघरणारा उपाशी झोपू नये म्हणून घालतात आमच्यात.” पुढे म्हणाल्या, “पोरांनी ब्लँकेटं आणली. मग दिली हितं.”

पलीकडच्या खोलीत बटण दाबलं की आमच्या बाजारातलं बोलणं ऐकू येतं, अर्धं कानडी, अर्धं मराठी. बाजारात आता तसं फारसं कुणी बोलत नाही. आम्ही सगळं नीट जपलं, पण वापरायचं तेवढं राहून गेलं.

गौराक्कांनी पाटीकडे पाहिलं. तरीही वाकळीचं खालचं टोक दोन्ही हातांनी सारखं केलं, झोपलेल्या लेकराच्या पायांवर ओढतात तसं. हात तिथेच राहिले.

“गार पडलीया,” त्या म्हणाल्या.