नाणं वाजवून

गाडीला लोखंडाचा सांगाडाच नाही, हे मला ती दारात आणून उभी केल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता.

अलिबागकडच्या एका बंगल्यामागे झावळ्यांखाली ती कित्येक वर्षं पडून होती. जुनी, परदेशी, जमिनीला टेकलेली, दोनच माणसांची. न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर असताना अशा किती गाड्या मी जहाजावरून उतरवल्या असतील, पण सगळ्या कंटेनरच्या डब्यात बंद. निवृत्त झाल्यावर एक तरी गाडी हाताने खोलायची, हे तेव्हापासून डोक्यात होतं. बायको म्हणाली, "आणा. तसंही घरात कुणाशी बोलत नाही तुम्ही. तिच्याशी तरी बोलाल."

हिचं सगळं अंग फायबरचं. मागच्या चाकांचे शॉकअब्सॉर्बरसुद्धा थेट फायबरलाच बोल्ट केलेले. तो कोपरा सुटला तर चाक जागा सोडणार आणि गाडी रस्ता. डाव्या चाकावरच्या कोपऱ्याला नेमका तडा होता, आणि तो कोपरा शेजारी बसणाऱ्याच्या बरोब्बर पाठीमागे येत होता. शेजारी बायकोच बसणार होती. तिची बहीण दिघीला असते. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे बहिणीच्या दारात जाऊन उतरायचं, हे तिनं गाडीचं इंजिन सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

फायबर म्हटल्यावर मुरूडच्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले. शेवटी होड्यांना फायबर मारणारा एक जण आला. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर आला आणि म्हणाला, "काका, होडीचा न् हिचा आजार येकच हाय. वरनं तडा बारीक दिसतो, आतनं समदं सुटलेलं असतं." त्यानं तो कोपरा कापून काढला, घासला, काचतंतूंच्या मॅट एकावर एक ठेवून त्यांवर रेझिनचा चिकट थर चढवला. आठ दिवस आमच्या भाताला रेझिनचा वास येत होता. बायको काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

जाताना त्यानं माझ्या हातात एक रुपयाचं नाणं ठेवलं. सुकलं की या नाण्यानं सगळीकडे ठोकून बघायचं. आतून घट्ट असेल तर टणटण वाजतं. कुठे हवा राहिली असेल, मॅट रेझिन प्यायली नसेल, तर बद्द आवाज येतो. मी म्हटलं, तूच वाजव ना बाबा, तुझा कान तयार आहे. तो तयार होईना. त्यांच्याकडे ज्यानं फायबर मारलं तो कधी वाजवत नाही. आपलं काम आपल्याला नेहमी घट्टच ऐकू येतं म्हणे. "ज्याला बसायचं हाय त्यानंच वाजवायचं. येकदा बोल्ट कसला की मंग आत काय ते दिसायचं न्हाय."

तो त्याच्या होड्यांकडे गेला आणि कोपरा सुकल्यावर मी नाणं घेऊन चाकाच्या खाचेत बसलो.

आता सांगायलाच हवं. माझा डावा कान नोकरीतच गेला. उजवा अर्धाच उरलाय. समोरून बोललं, ओठ दिसले, तर काम भागतं. क्रेनवरून खाली उतरवतील या भीतीनं मी ते कुणाला सांगितलं नाही. कानाच्या तपासणीत दर वेळी कसं निभावलं ते माझं मला माहीत. निवृत्तीनंतर खरं तर लपवायचं कारण उरलं नव्हतं, पण मुलीला कळलं तर ती गाडीची चावी काढून घेईल ही नवी भीती तयार झाली. हाक मारली तरी ओ देत नाही म्हणून गावात मला शिष्ट समजतात. समजोत. बहिरा म्हणण्यापेक्षा शिष्ट बरा.

मी नाणं वाजवलं. जुन्या, चांगल्या भागावर वाजवलं, मग नव्या कोपऱ्यावर. मला दोन्ही सारखेच. जवळजवळ काहीच नाही. बोटाला नुसता धक्का जाणवत होता. संध्याकाळी फायबरवाल्याचा फोन आला. फोन उजव्या कानाला घट्ट दाबून मी म्हणालो, "टणटण वाजतंय." आणि दुसऱ्या दिवशी बोल्ट कसून टाकले.

त्यानंतर मला सुखानं जेवण गेलं नाही. गाडी गावातल्या गावात फिरवून आणली तेव्हा पोरंटोरं मागे धावली, लोक थांबून बघत होते, आणि माझं सगळं लक्ष मागच्या डाव्या चाकाकडे. कोपरा सुटायला लागला तर आधी कुरकुर होणार. दुसऱ्या कुणालाही ती ऐकू येईल, मला येणार नाही. आगरदांड्याच्या वाटेवरचा प्रत्येक उतार मला आठवायला लागला, कुठे वळण, कुठे खाली दगड. दोनदा मी खोटं कारण काढून जाणं पुढे ढकललं. तिसऱ्यांदा कारण सुचेना.

रविवारी सकाळी बायको ठेवणीतली साडी नेसून, बहिणीसाठी कोकमाची बरणी मांडीवर घेऊन गाडीत बसली. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झाल्याचं मला पायाला कळलं. आजवर आमच्याकडे स्कूटरच. ती मागून खांद्यावर थाप मारायची आणि मी थांबायचो. आता ती माझ्या डाव्या बाजूला होती. मान वळवली तेव्हा तिचे ओठ हलत होते. कधीपासून बोलत होती कोण जाणे. वाटेत कुरकुर ऐकून ती ओरडली असती, तरी मला कळलं नसतं. मी इंजिन बंद केलं.

"खाली उतर," मी म्हणालो.

"काय झालं? आजही नाही जायचं का?"

मी चाकाजवळ उकिडवा बसलो, खिशातलं नाणं तिच्या हातात दिलं आणि कुठे ठोकायचं ते दाखवलं. ती माझ्या उजवीकडे येऊन टेकली. साडी चिखलाला लागेल म्हणून तिनं पदर खोचला. जुन्या भागावर ठोकलं, नव्या भागावर ठोकलं, परत खाली बोल्टच्या कडेनं ठोकलं. तिथे ती थांबली. तिथेच तीनचारदा ठोकलं.

"इथे बद्द वाजतंय," ती म्हणाली. "हातभर अंतरावरून कळतंय. तुम्ही बघितलं नव्हतं?"

"वाजवलं होतं. मला कळत नाही." "डावा कान पूर्ण गेलाय. नोकरीत असतानाच."

तिनं वर पाहिलं नाही. नाणं तिनं त्याच जागेवर धरून ठेवलं होतं, तिच्या पाठीमागे येणाऱ्या त्या कोपऱ्यावर. मला वाटलं, आता ती भडकणार. मरायला नेत होतात का मला, असं विचारणार.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याशी बोलायचंच नसतं तुम्हांला."

ती उजवीकडे होती, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. मी पाना घेतला आणि बोल्ट सोडवायला लागलो.