आत येणारी होडी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुठल्याही वस्तूचं तोंड बाहेरच्या बाजूला असलेलं खपत नसे. शोकेसमधला हत्ती, कॅलेंडरवरची गाय, दारातल्या चपला, सगळ्यांनी घराकडेच बघायचं. बाहेर तोंड केलेली वस्तू घरातली बरकत घेऊन जाते, असं त्यांचं म्हणणं. एकदा सचिनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कंपनीतून कॅलेंडर आणलं. त्यावर बगळे उडत होते आणि तेही नेमके दाराच्या दिशेने. जाऊबाईंनी उभ्या उभ्या खिळा उपटला आणि कॅलेंडर समोरच्या भिंतीवर ठोकलं. "उडा आता," म्हणाल्या, "देवघरात जाऊन बसा."

याचा खरा जाच आमच्या ह्यांना. हे पहाटे झेंडू-शेवंतीचे क्रेट भरून मार्केटला जायचे. पण टेम्पो घराकडे तोंड करून लावायचा, असा नियम. त्यामुळे रोज विहिरीच्या कडेने डांबरी रस्त्यापर्यंत मागे मागे जावं लागे. एकदा वैतागून हे म्हणाले, "वहिनी, एक दिवस टेम्पोसकट विहिरीत जाईन मी."

"जा बाबा," जाऊबाई म्हणाल्या, "पण घराकडं बघत जा."

आमचं शेत धरणाच्या पाण्याला लागून आहे. तिथं काठावर आमचं एक छोटं घर होतं, पूर्वी खतं आणि औषधं ठेवायचं. सचिनने ते झाडून-पुसून शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांचं सगळं जाऊबाई बघत आणि स्वयंपाक मी करी. पाहुण्यांच्या गाड्यासुद्धा त्या वळवून घराकडे तोंड करून लावायला लावत. मुंबईच्या एका साहेबांनी विचारलं, "बिबट्या येतो म्हणून का हो?" जाऊबाई म्हणाल्या, "येतो की. पण तो बी तोंड आत करूनच येतो." त्या पाहुण्यांनी रात्रभर खिडकी उघडली नाही.

मी मात्र कुणाच्या समोर जात नसे. अनोळखी माणूस दिसलं की माझी जीभ टाळूला चिकटते. परसदाराने आत जायचं, भाकरी थापायच्या, ताटं खिडकीतून जाऊबाईंच्या हातात द्यायची आणि परसदारानेच घरी यायचं. कित्येक पाहुण्यांनी माझी फक्त बांगड्यांची मनगटं पाहिलेली. जाऊबाई टोमणा मारत, "जगाची तोंडं आत वळवून दमले मी. हे एकच तोंड बाहेर वळत नाय."

मग त्यांचे गुडघे गेले. पायरी चढताना त्या देवाचं नाव घेऊ लागल्या आणि उतरताना सचिनचं. सचिनने ठरवलं की आईला अंबडला आपल्या फ्लॅटवर न्यायचं, तिथं लिफ्ट आहे. मग काठावरच्या घराचं काय? शहरातला एक माणूस ते चालवायला घ्यायला तयार होता, स्वतःचा स्वयंपाकी घेऊन. सचिन मला म्हणाला, "काकू, तुझ्या हातचं लोक बोटं चाटून खातात. पण 'या, बसा' कोण म्हणणार? पाहुणे काय खिडकीशी बोलणार?"

मला सांगायचं होतं की ते घर देऊ नका. पाण्याकडून वारा येतो त्या ओट्यापाशी मी कुणाची सून नसते, कुणाची काकू नसते, नुसती मी असते. पण मी लसूण सोलत राहिले. नको इतका सोलला. पुढचे चार दिवस घरात सगळ्याला लसणाचा वास होता.

जाऊबाई सचिनला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांब. आधी तिथलं स्वयंपाकघर सुधारू. मग बघू कुणाला द्यायचं ते."

ते खरंच सुधारायला झालं होतं. फळ्यांची कपाटं काळपट, गॅसच्या मागची भिंत फोडणीने पिवळी. सचिनने मोबाइलवर समुद्राकाठच्या घरांची स्वयंपाकघरं दाखवली. पांढरी कपाटं, निळ्या टाइल्स, कुठे तेलाचा थेंब नाही. जाऊबाई बराच वेळ बघत राहिल्या. "हितं कुणी जेवत नसंल," म्हणाल्या. "पण दिसतंय झ्याक. असंच करायचं."

"ताई, आपल्याकडे समुद्र कुठे आहे?" मी म्हटलं.

"समुद्र म्हंजे काय गं, धरणाचाच थोरला भाऊ."

कपाटं आम्ही दोघींनीच रंगवली. मी पॉलिश पेपरने घासून प्रायमर लावला, वर पांढरा ऑइलपेंट दिला. जाऊबाई खुर्चीत बसून रंग वाळला का ते बघत. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. प्रत्येक दारावर त्यांचा अंगठा उमटला. मी पुन्हा हात फिरवला की पुन्हा त्या बघत. शेवटी मी ब्रश धुऊन टाकला. अजून प्रत्येक कपाटावर एक अंगठा आहे, जणू घर त्यांनी सही करून दिलंय.

गॅसमागच्या भिंतीच्या टाइल्स त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडल्या. सगळ्या जोडल्या की एक चित्र व्हायचं. निळं पाणी, माडाची झाडं आणि मधे शिडाची मोठी होडी. घोटीचा मिस्त्री टाइल्स बसवायला लागला, तेव्हा जाऊबाई विंचूरला भाचीच्या लग्नाला गेल्या. परत आल्या तोवर सांधेही भरून झाले होते. त्या हळद-कुंकवाचं ताट घेऊन ओट्यासमोर उभ्या राहिल्या, बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच वर धरून राहिल्या.

"मिस्त्री, ही होडी कुठं चालली?"

मिस्त्रीने चित्राकडे पाहिलं. "कुठं म्हणजे? समुद्रात असेल, काकू."

"तिचं तोंड परसदाराकडं हाय. घरातनं भाईर चाललीय ती."

"मग उलट्या लावू का टाइल्स? होडी बुडेल, बघा."

"समोरच्या भिंतीला लाव."

"लावतो. पण मग गॅसही तिकडे न्यावा लागेल. स्वयंपाक करताना तोंड पश्चिमेला होईल."

जाऊबाईंनी बोट खाली घेतलं. होडी की पूर्व, हा पेच मोठा होता. त्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "बरं. मग दार हलव."

मिस्त्रीच्या हातातली थापी खाली पडली. पण जाऊबाईंनी परसदार विटांनी बुजवून घेतलं आणि दुसऱ्या अंगाला, धरणाच्या बाजूने, नवीन दार पाडून घेतलं. आता होडी धरणातून येऊन दारातून सरळ आत शिरत होती. जाऊबाई खूश झाल्या. मिस्त्री जाताना ह्यांना हळूच म्हणाला, "दादा, होडीसाठी दार हलवणारं घर मी पहिल्यांदा पाहिलं." हे म्हणाले, "तू आमचा टेम्पो पाहिला नाहीस."

नव्या दाराचा अर्थ मला पुढच्या शनिवारी कळला. ते उघडत होतं थेट धरणाकडच्या पडवीत, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर. मी भाकरी थापत होते आणि चार माणसं माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी मी दाराला जुनी साडी बांधली. जाऊबाईंनी ती ओढून काढली. "समुद्राला कुणी पडदा लावतं का?"

"ताई," मी शेवटी विचारलं, "दुकानात निवडताना होडीचं तोंड दिसलं नव्हतं का तुम्हाला?"

"डोळे अधू झाले गं आता," म्हणाल्या, आणि पडवीतल्या टेबलावर कुणीतरी ठेवलेली काडेपेटी उचलून तिच्यावरचा घोडा घराकडे वळवला.

दिवाळी झाल्यावर सचिन त्यांना न्यायला आला. एकच महिना बघू, मग घर त्या माणसाला देऊ, असं तो म्हणाला. गाडी अर्थातच घराकडे तोंड करून उभी होती. त्यामुळे ती निघाली ती मागे मागे, विहिरीच्या कडेने, पार डांबरी रस्त्यापर्यंत. आणि तेवढा सगळा वेळ जाऊबाई पुढच्या काचेतून आमच्याकडे बघत होत्या. टेम्पोचा नियम इतकी वर्षं आम्हाला जाच वाटला होता. त्या दिवशी गाडी रस्त्याला लागेपर्यंत हे हात हलवत राहिले.

पुढच्या शनिवारी पाहुणे घ्यायला हे थांबणार होते, पण मार्केटला अडकले. दुपारीच एक गाडी आली. कुटुंब उतरलं, सामान काढलं. ड्रायव्हरने गाडी गोल फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभी केली. मी ओट्यापाशी होते. समोर होडी, बाजूला उघडं दार. मी वाट पाहिली की कुणीतरी त्याला सांगेल. सांगणारं कुणीच नव्हतं. पिठाच्या हातांनी मी पडवीत आले, आणि माझा आवाज मलाच परका वाटेल इतका मोठा निघाला, "ओ दादा! गाडीचं तोंड आत करा!"

सगळे थांबून बघायला लागले. आता काहीतरी बोलणं भागच होतं. मी म्हटलं, "या. बसा."

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. "आलं का कुणी?"

"आले."

"गाडीचं तोंड कुणीकडं?"

"आत."

"कुणी सांगितलं?"

"मी."

मग जाऊबाई फोन तोंडाजवळच ठेवून ओरडल्या, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं, "सच्या, त्या माणसाला फोन लाव. नाय म्हणून सांग त्याला."