अक्काची सुकट

अक्का गेली ती पाथर्डीच्या आठवडे बाजारात, सुकट-बोंबलाच्या पाट्या पुढ्यात असताना. शेजारच्या भाजीवालीने फोनवर सांगितलं, "पानी मागितलं अन् कलंडली." महिना होऊन गेला. घरात अजून कुणी तिच्यासाठी मोठ्याने रडलेलं नाही.

अक्का माझी मोठी जाऊ, मधल्या दिरांची बायको. नवरा वारल्यावर तिने बाजार धरला. टेम्पोतून येणारा वाळका माल घ्यायची आणि दिवसभर उन्हात बसून विकायची. त्यावर घर चाललं, थोरल्या दिरांची तंबाखू चालली आणि तिची मनीषा नगरच्या कॉलेजात गेली.

मनीषा सुट्टीत आली की आम्ही तिघी सुकट निवडायला बसायचो. एकदा ती सांगत होती, समुद्रात डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती उन्हावर आपलं अन्न करतात. त्या खाऊन बारीक जीव जगतात, त्यांच्यावर हा जवळा, म्हणजे आपली सुकट, जवळ्यावर मासा, माशावर मोठा मासा. मेलेलं तळाला जातं, तिथल्या अंधारात त्यावरही कुणी जगतंच.

"म्हंजी उनात बसायचं एकीनं अन् खायचं समद्यांनी?" अक्का म्हणाली.

"पर आये, खाल्लेलं समदं वर जात न्हाई. ज्याचं त्याच्या जगन्यातच लई खर्चतं. वरच्याला थोडंच घावतं."

"मंग आपल्या घरातले वरचे निराळे हायेत बाई. त्यांला समदंच घावतं."

तिघी हसलो... मग दाराकडे बघून पुन्हा निवडायला लागलो.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भाताशेजारी सुकटीची चटणी ठेवलेली. घरच्यांना वाटलं, तिला आवडत असेल. तिला त्या वासाने मळमळायचं, तिने ती कधी चाखलीही नव्हती. शेवटी थोरल्या दिरांनी हात जोडले, "पोरीचं शिक्षण पुरं करतो." तेव्हा कावळा शिवला. तेराव्याचे पाहुणे गेले नाहीत तोच त्यांनी मनीषाला स्थळ आणलं. "फी कोन भरनार?" एवढंच बोलले.

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी मागच्या बाजाराला पाट्या घेऊन मी अक्काच्या जागेवर बसले. ओरडता आलं नाही. तिची गिऱ्हाइकंच तिला विचारत आली, मग माल घेऊन गेली.

संध्याकाळी थोरले दीर जेवता जेवता म्हणाले, "एक बसत व्हती, आता तू बी? नाक कापलंस आमचं." माझा नवरा खाली मान घालून जेवत होता. दिरांनी ताट पुढे सरकवलं. "सुकट वाढ अजून."

"न्हाई," मी म्हणाले. "उरलेली इकायचीय. मनीषाची फी हाय."