न चढलेलं निशाण

ती घटना उधाणाच्या दिवसांत हटकून आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. एकोणीसशे तीसच्या आसपास मी अलिबागच्या बाजूला फौजदार होतो. एका बड्या कंपनीच्या मिठागराचा बांध भर दुपारी भरतीला फुटला आणि एक कामकरी बुडून मेला.

बांधाचा म्हातारा रखवालदार तिथे फावडं घेऊन उभा होता, अशी खबर आली. मॅनेजरने लेखी फिर्याद दिली की आकसाने बांध त्यानेच फोडला. मी त्याला अटक केली. आमच्या हवालदाराचं गाव तिथलंच. "साहेब, एक सांगू?" म्हणत तो पुढे आला. विचारल्यावर बोल, असं मी त्याला खडसावलं. तेव्हा मला माझ्या अकलेचा फार भरवसा होता.

बांधाला चीर दिसली की लाल निशाण चढवायचं आणि माणसं बाहेर काढायची, हा कंपनीचा नियम. निशाण का चढवलं नाहीस, एवढंच मी तीन दिवस विचारत होतो. म्हातारा खाली मान घालून बसे. गुन्हेगार असाच गप्प बसतो, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी बांधावरच्या रखवालदाराच्या चौकीचा पंचनामा करताना पेटीत ते निशाण सापडलं. खाऱ्या वाऱ्यात कापड एका हंगामात विटतं. हे कित्येक वर्षांपूर्वी दिलेलं, तरी रंग कोरा आणि घडी दुकानातलीच. मग कामकऱ्यांनी जबान्या दिल्या. पूर्वी एकाने निशाण चढवू का म्हणून विचारलं, तर मॅनेजरने त्याला सगळ्यांसमोर भित्रा ठरवलं आणि गडीही वर्षभर हसले. तेव्हापासून चीर दिसली की गुपचूप चिखल भरायचा, हीच तिथली रीत पडली. म्हातारा त्या दिवशी तेच करत होता.

निशाण पुढे ठेवल्यावर तो बोलला. "चढवलं असतं त माझा सोबती वाचला असता, साहेब. लोक हसले असते, तेवढंच." बुडालेला माणूस त्याचा लहानपणापासूनचा मित्र होता. मी कोठडीत ठेवल्यामुळे त्याला त्याच्या मयतालाही जाता आलं नव्हतं.

म्हातारा सुटला. निशाणाची गोष्ट हवालदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. बोलला का नाहीस, असं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच गप केलंत."

त्यानंतर रोज हजेरीला मी विचारायचो, कुणाला काही सांगायचंय का? सगळे म्हणत, सगळं ठीक आहे, साहेब. हवालदारही तेच म्हणे, माझी बदली होईपर्यंत.

आता नागावला वाडीत बसून असतो. घरात माझा शब्द कुणी मोडत नाही. त्या हवालदाराची फार आठवण येते. त्याने एकदा फाटक उघडून यावं आणि "साहेब, एक सांगू?" म्हणावं, एवढंच वाटतं. मी खुर्ची पुढे सरकवीन.