आईसमोर वाचलेली गोष्ट
वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला आमच्या घिवली गावातली ती दुपार आठवते. मोफत ऑनलाइन लेखन कार्यशाळेत त्या दिवशी माझी गोष्ट वाचायची पाळी होती. गोष्ट माझ्या भावाची होती. तो मासेमारीला गेला तो परतलाच नाही, आणि तेव्हापासून घरात त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती, म्हणून मी खिडकीत मोबाइल टेकवून हळू आवाजात वाचू लागले. गोष्टीतल्या वादळापर्यंत आले आणि दारात आई दिसली. मी वाचता वाचता थांबले. "आवाज येत नाहीये, रेंज गेली का?" शिकवणाऱ्या बाई विचारत होत्या. मी फोन बंद करायला हात पुढे केला. "बंद करू नको गो," आई म्हणाली. "माजा पोर हाय तो. मला पन आयकू दे." ती उंबऱ्यावर बसली. मी शेवटपर्यंत वाचलं. मग आई म्हणाली, "जाताना मी त्याला भाकरी नि सुकट दिली व्हती. ते पन लिव." आता माझ्या गोष्टी ऑनलाइन मासिकांत येतात, पण पाठवण्याआधी प्रत्येक गोष्ट मी आईला वाचून दाखवते.